‘अक्षांशानुसार’ की ‘अक्षांशागणिक’?

खानापूरच्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे की, ‘अक्षांशानुसार बदलणाऱ्या वाऱ्याचा ग्रहीय तरंगांवरील परिणाम’ या शब्दप्रयोगात वारा ऋतुमानाप्रमाणे फिरतो असे समजायचे का, आणि ‘ग्रहीय’चा संबंध आकाशातील ग्रहांशी आहे का.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. येथे ग्रह म्हणजे खुद्द पृथ्वी. शनी-मंगळ यात कोठेही नाहीत. वातावरणातील हे तरंग हजारो किलोमीटर लांबीचे असतात आणि हवामानशास्त्रज्ञ कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी १९३९ मध्ये त्यांचे गणित मांडल्यामुळे त्यांना रॉस्बी तरंगही म्हणतात.

पहिली शंका मात्र रास्त आहे. निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत ‘वारे फिरले’ असे आपण म्हणतो, तेव्हा काळाचा बदल अभिप्रेत असतो. येथील बदल स्थळाचा आहे: एकाच क्षणी दक्षिणेकडून उत्तरेकडे पाहत गेल्यास पूर्व-पश्चिम वाऱ्याचा वेग कसकसा पालटतो, एवढेच सांगायचे आहे. ‘नियमानुसार’, ‘आज्ञेनुसार’ या शब्दांच्या सवयीमुळे ‘अक्षांशानुसार’ म्हटले की अक्षांशच वाऱ्याला हुकूम सोडतो, असा भास होतो. गावागणिक बोली पालटते हे सीमाभागात कोणाला सांगावे लागत नाही; म्हणून मी ‘अक्षांशागणिक’ हा शब्द सुचवीन.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. रॉस्बींच्या मूळ गणितात वारा सर्व अक्षांशांवर सारखा धरला होता आणि तरंगांचा आधार एकच होता, तो म्हणजे पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम विषुववृत्तापासून ध्रुवाकडे वाढत जातो हा. वाऱ्याचा वेगही अक्षांशागणिक बदलू लागला की या आधारात भर पडते किंवा घट होते, आणि ती वेगातील फरकावर नव्हे, तर तो फरक स्वतः किती झपाट्याने पालटतो यावर ठरते. पश्चिमी जेट प्रवाहाच्या, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या, गाभ्यात आधार वाढतो, दोन्ही कडांना घटतो. कोठे तो शून्याखाली गेला, तर प्रवाह अस्थिर होण्याची शक्यता निर्माण होते.

शिवाय, ज्या अक्षांशावर वाऱ्याचा वेग तरंगाच्या वेगाइतकाच होतो, तो अक्षांश तरंगाला सहसा ओलांडता येत नाही. पर्वतांमुळे एकाच जागी स्थिरावलेल्या तरंगांचा वेग शून्य असल्याने त्यांची हद्द पश्चिमेकडून आणि पूर्वेकडून वाहणारे वारे जेथे भेटतात तेथे पडते. पावसाळ्यात बेळगाववर, म्हणजे सुमारे १६ अंश उत्तरेला, जमिनीलगत पश्चिमेचा वारा असला तरी चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर तो पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे उत्तरेकडील असे तरंग त्या उंचीवर आपल्यापर्यंत पोचत नाहीत.

वाऱ्याच्या वेगात अक्षांशागणिक पडणाऱ्या फरकाला भौतिकीतील ‘कर्तन’ हा शब्द चालेल, पण तो उंचीगणिक फरकालाही लावतात. म्हणून ‘अक्षांशागणिक कर्तन’ असे पूर्ण लिहावे.