कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बायोलॉजीसाठी ट्रान्सफर व्हायचंय, दोन वर्षं कशी आखू?
आधी केमिस्ट्री लावा, बायोलॉजी तिच्याभोवती बसवता येते. जनरलची दोन आणि ऑरगॅनिकची दोन सेमिस्टर ओळीनेच करावी लागतात. पहिल्या सेमिस्टरला सुरुवात हुकली की दोनाची तीन वर्षं व्हायला वेळ लागत नाही. सोबत कॅल्क्युलस, मग फिजिक्स. असिस्ट डॉट ऑर्गवर तुमचं कॉलेज आणि हवा तो कॅम्पस निवडून कोणता कोर्स चालतो ते बघा. बर्कली आणि डेव्हिस या यूसी कॅम्पसच्या याद्या सारख्या नसतात. जनरल एज्युकेशनचं, म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या इतर विषयांचं, थोडं राहिलं तर पुढे उरकता येतं, सायन्सचं राहिलेलं नडतं. एकूण ६० सेमिस्टर युनिट (क्रेडिट) हवीत. डेव्हिस, अर्व्हाइनसह सहा कॅम्पस काही मेजर (मुख्य विषय) वगळून टॅग, म्हणजे प्रवेशाची हमी देतात. तो अर्ज सप्टेंबरातच करायचा. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत.