छेद नक्की कुठे घेतला होता?

बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी ती माझ्याकडे स्तनपानाच्या सल्ल्यासाठी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बरोबर सासूबाई, हातात अळिवाच्या खिरीचा डबा. बाळ जन्मलं तेव्हा 2 किलो 900 ग्रॅम होतं, त्या दिवशी भरलं 2 किलो 590. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, पण घट दहा टक्क्यांपुढे गेली की मी सावध होते.

"दूधच उतरत नाही हो हिला. अळीव झाले, शतावरी झाली," सासूबाई म्हणाल्या.

पाजताना बघायचंय, असं सांगून मी त्यांना बाहेर बसवलं. दार लागल्याबरोबर हिचे डोळे भरले. "ताई, लग्नाआधी मी स्तनांत इम्प्लांट बसवून घेतलेत, आकार वाढवायच्या सिलिकॉनच्या पिशव्या. ह्यांना माहीत आहे, आईंना नाही. माझ्या हौसेपायी बाळ उपाशी राहतंय का? आणि ते सिलिकॉन दुधातून त्याच्या पोटात जात असेल तर?"

सिलिकॉनची भीती आधी काढली. तपासणीत इम्प्लांट असलेल्या आयांच्या दुधात त्याचं प्रमाण इतर आयांपेक्षा जास्त आढळलं नाही. गाईच्या आणि पावडरच्या दुधात उलट त्याहून जास्त सापडलं. त्यामुळे अंगावर पाजायला हरकत नाही.

दूध कमी का, हा खरा प्रश्न. इम्प्लांट बसतं दूधग्रंथींच्या मागे, किंवा त्याहून मागे छातीच्या स्नायूखाली. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, छेद कुठे घेतला? स्तनाच्या खालच्या घडीत किंवा काखेत असेल तर दुधाच्या नळ्या बहुतेक वाचतात. निपलभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेने असेल तर नळ्या कापल्या जाऊ शकतात, आणि नसही दुखावू शकते. बाळ ओढतं तेव्हा ही नस मेंदूला निरोप देते. त्यावरच दूध तयार होतं आणि पान्हा फुटतो. निरोपच पोचला नाही तर नुसते अळीव काय करणार!

दुसरा प्रश्न, आधी स्तन कसे होते? काहींच्या ग्रंथीच मुळात कमी वाढलेल्या असतात, स्तन निमुळते किंवा एकमेकांपासून खूप लांब असतात. त्या कारणानेच शस्त्रक्रिया केलेली असते आणि पुढे दूध कमी आलं की खापर इम्प्लांटवर फुटतं. हिचे नुसते लहान होते, गरोदरपणात भरलेही होते. लहान स्तन म्हणजे कमी दूध, असं नसतं.

हिचा छेद काळ्या भागाच्या खालच्या कडेने होता, सहा वर्षांपूर्वीचा. कापसाचा बोळा तिच्याच हातात दिला. उजवीकडे फिरवला तशी ती शहारली. डावीकडे? "काहीच कळत नाही, ताई." नऊ महिन्यांच्या तपासण्यांत तिने हे सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी वरचं दूध किती द्यायचं ते ठरवून दिलं. ते आम्ही बारीक नळीने, बाळ अंगावर ओढत असतानाच दिलं, म्हणजे पोटही भरतं आणि स्तनालाही ओढ मिळते. पाजून झाल्यावर दोन्हीकडे पंप. लंगोट मोजायचे, दिवसाला निदान सहा ओले. सोळाव्या दिवशी जन्माचं वजन परत आलं.

सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, "डावीकडची नस मंद आहे, हिची चूक नाही." बाकीचं सांगायचं की नाही, ते तिचं तिने ठरवायचं. त्यांनी पंपाची भांडी उकळायचं काम आपणहून अंगावर घेतलं.

अडीच महिन्यांनी तिचा फोन आला. उजवीकडे पाजताना डावीकडचा ब्लाऊज ओला झाला होता. वरचं दूध पूर्ण सुटलं नाही, रात्रीचं एक राहिलंच. ते ती आता वाटीचमच्याने पाजते.