पटावर किती, पेपरला किती

या महिन्यात आलेल्या पत्रांत शाळेचे प्रश्नच जास्त आहेत आणि ते साहजिक आहे, दहावीचा निकाल लागला की पुण्यात चहाच्या टपरीवरसुद्धा टक्केवारीच चालते. तीन पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : मॅडम नमस्कार, आम्ही सिंहगड रोडला राहतो. मुलगी यंदा सातवी पास झाली. घरापासून चालत 7 मिनिटांवर महापालिकेची माध्यमिक शाळा आहे, आठवी ते दहावी, तिन्ही वर्ग मिळून ऐंशीएक मुलं असतील. दारातल्या फळ्यावर दहावीचे निकाल लिहिलेत, 2023 ला 25 पैकी 22, 2024 ला 27 पैकी 26 आणि यंदा 2025 ला 23 पैकी 18. म्हणजे 96 टक्क्यांवरून एकदम 78! सासूबाई म्हणतात शाळा बसली. दुसरी एक संस्थेची शाळा आहे, दोन बस बदलून जावं लागतं, पण तिचा शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स चौकात लागलाय. शेजारच्या काकू म्हणतात महापालिकेच्या शाळेत सगळी वस्तीतली, बाहेरगावची पोरं, मुलगी मागे पडेल. मिस्टर म्हणतात तू ठरव. मी कसं ठरवू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट, तुम्ही टक्केवारीच्या आधी मुलांचा आकडा लिहून पाठवलात त्यासाठी शाबासकी, कारण बहुतेक पत्रांत नुसते टक्के असतात आणि त्यावर काहीच सांगता येत नाही.

आता हे बघा. 23 मुलांच्या वर्गात एक मुलगा म्हणजे साधारण 4.3 टक्के. एक पोरगं परीक्षेच्या आदल्या दिवशी तापाने फणफणलं आणि गणितात 31 वर अडकलं की शाळेचा निकाल चार टक्क्यांनी खाली. यंदा जी पाच मुलं नापास झाली त्यातली तिघं काठावरून सुटली असती तर फळ्यावर 91 टक्के लिहिलं असतं, आणि सासूबाई म्हणाल्या असत्या शाळा बरी आहे हो. शाळा तीच, शिक्षक तेच. मोठ्या शाळेत 300 मुलं बसतात तिथं तिघांनी एक टक्का हलतो. म्हणून छोट्या शाळेचं एक वर्ष कधीच बघायचं नाही, तीन-चार वर्षं एकत्र करायची. तुमच्या फळ्यावरची केली तर 75 पैकी 66 पास, म्हणजे 88 टक्के. राज्याचा निकाल 2023 ला 93.83, 2024 ला 95.81, यंदा 94.10. म्हणजे शाळा राज्याच्या मागे आहे, हे मी लपवणार नाही, पण ती एका वर्षात बसलेली वगैरे काही नाही.

आणि वर्षावर्षाची तुलना करताना बोर्डाने त्या वर्षी काय केलं तेपण बघावं लागतं. 2018 ला राज्याचा निकाल 89.41 होता, 2019 ला एकदम 77.10. राज्यातली सगळी पोरं एका वर्षात ढ झाली का? नाही, भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे 20 मार्क त्या वर्षी काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले आणि निकाल 95.30. मग 2021 ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा 99.95. कुणी तुम्हाला 2021 चा आकडा दाखवून शाळेचं कौतुक सांगायला लागलं तर हसून पुढे जा.

आता फ्लेक्सवरचा शंभर. मी 24 वर्षं शिकवलंय आणि शंभर टक्के कसा बनतो ते स्टाफरूममध्ये बसून बघितलंय, त्यामुळे जरा तिखट लिहिते. काही शाळांत तो खरंच मेहनतीचा असतो, दिवाळीच्या सुट्टीत जादा तास घेणारे सर मला माहितीयत. पण काही ठिकाणी तो नववीतच बनतो. कच्ची मुलं नववीतच मागे ठेवायची, किंवा पालकांना बोलवून दाखला काढून न्यायला सांगायचं, किंवा 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरा म्हणायचं (त्यावर तिसरं पत्र आहेच). मग दहावीला उरतात ती पास होणारीच. म्हणून तिथं गेलात की टक्के विचारू नका, एवढंच विचारा, दोन वर्षांपूर्वी आठवीत पटावर किती मुलं होती आणि त्यातली किती यंदा पेपरला बसली. आठवीत 60 आणि दहावीला 41 असतील तर ती 19 कुठं गेली? काही बदलीने, काही घर बदलल्याने जातात, ते चालायचंच, पण 19 जात नाहीत. हाच प्रश्न महापालिकेच्या शाळेतपण विचारा, तिला वेगळा न्याय नको. आणि फ्लेक्सवाल्या शाळेने आठवीच्या प्रवेशाला मुलीची परीक्षा घेऊ म्हटलं तर सांगा की आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे आठवीपर्यंत प्रवेशासाठी चाळणी लावता येत नाही.

काकूंच्या बोलण्याकडे येते. वस्तीतली, बाहेरगावची पोरं आहेत हे खरं असेल. पुण्यातल्या महापालिकेच्या शाळेत कोण येतं हे सगळ्यांना दिसतं, बांधकामावर काम करणाऱ्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, सोसायटीच्या वॉचमनची, रिक्षावाल्यांची मुलं. घरी कुणी कन्नड बोलतं, कुणी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली), कुणी नेपाळी, कुणी हिंदी, आणि नववीत त्याच्यासमोर मराठी प्रथम भाषा म्हणून कुमारभारती येतं. पाचवीपर्यंत कर्नाटकात शिकलेलं पोरगं इथं सहावीत आलं तर त्याला अक्षरं नव्याने शिकावी लागतात, आणि दहावीला त्याचे मार्क ज्या मुलाच्या घरी तीन पिढ्या मराठी पेपर येतोय त्याच्याशेजारी लावले जातात. बांधकामाची साइट संपली की कुटुंब उठून बावधनवरून वाघोलीला जातं, तिथं नवीन शाळा, पुन्हा मधूनच. हे असताना 75 पैकी 66 पास होतायत. मला विचाराल तर त्या शाळेच्या शिक्षकांचं काम फ्लेक्सवाल्यांपेक्षा अवघड आहे, पण ते फ्लेक्सवर बसत नाही.

अजून एक गंमत बघा, गंमत कसली, वाईटच आहे. त्या शाळेत वर्गात मुली जास्त आहेत का ते मोजा. बऱ्याच महापालिकेच्या शाळांत मला हे दिसलंय की घरात एक मुलगा एक मुलगी असेल तर मुलाला पैसे भरून इंग्लिश मिडियम आणि मुलगी महापालिकेत. आणि मग दहावीला याच मुली पुढे असतात, यंदा राज्यात मुलींचा निकाल 96.14 आणि मुलांचा 92.31.

पण ताई, मुलीमागे एवढा विचार करताय तर शाळेत कोण बसतं यापेक्षा कोण शिकवतं ते बघा. छोट्या शाळेची खरी दुखरी नस तिथं आहे. शिक्षकांची पदं पटावर ठरतात, पट कमी झाला की पद जातं, पद गेलं की गणिताचे सर विज्ञानपण घेतात, इंग्रजीला तासिका तत्त्वावरच्या कुणीतरी मॅडम येतात आणि त्यांची ऑर्डर यायलाच कधीकधी दिवाळी उजाडते. हेडमास्तरांना विचारा की गणित आणि इंग्रजीला कायम शिक्षक आहेत का, आणि यंदाची पाच मुलं कुठल्या विषयात गेली. पाचही इंग्रजीत गेली असतील तर वर्षभर इंग्रजीला कुणी नव्हतं हे तुम्हाला न सांगता कळेल. वेगवेगळ्या विषयांत एकेक गेली असतील तर ती त्या त्या मुलाची अडचण. एक-दोन विषयच राहिले असतील तर एटीकेटी घेऊन अकरावी होते, शिवाय जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, तेव्हा 18 हा शेवटचा आकडापण नाही, ऑगस्टमध्ये पुन्हा विचारा किती पास झाले.

घरबसल्या थोडी माहिती यूडायसच्या, म्हणजे सगळ्या शाळांच्या सरकारी नोंदीच्या वेबसाइटवर मिळते. प्रत्येक शाळेला 11 आकडी कोड असतो, पुणे जिल्ह्यातला 2725 ने सुरू होतो, शाळेच्या पाटीवर किंवा दाखल्यावर सापडेल. तो टाकला की इयत्तेनुसार मुलं-मुली, शिक्षक किती, स्वच्छतागृह, लायब्ररी, सगळं येतं. लायब्ररी 'आहे' असं दिसलं तरी प्रत्यक्ष जाऊन बघा, कपाटाला कुलूप असेल तर ती नाही.

पैशाचं पण सांगते कारण कुणी सांगत नाही. केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती आठवीतच परीक्षा देऊन मिळते, पास झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला 55 टक्के हवेत आणि शाळा सरकारी, अनुदानित किंवा महापालिका-झेडपीची हवी. ती फ्लेक्सवाली विनाअनुदानित असेल तर हे गेलं. आणि दहावीनंतर पुणे महापालिका 15,000 देते, त्याला इतरांना 80 टक्के लागतात, महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना 70.

मी तुमच्या जागी असते तर? इंग्रजी-गणिताला शिक्षक पक्के असतील तर 7 मिनिटांवरची शाळा. दोन बस म्हणजे रोजचे दोन-अडीच तास, स्वारगेटला पावसात उभी राहील ती वेगळी. शिक्षक नसतील तर मग मात्र काकूंना न विचारता दुसरी बघा, आणि ती शंभर टक्केवालीच असली पाहिजे असं नाही.

प्रश्न : शाळेच्या फॉर्ममध्ये जात, धर्म, मातृभाषा, आधार सगळं विचारतात. आम्ही जात मानत नाही. मुलाच्या वर्गात कोण कुठल्या जातीचं हे शाळेला कशाला पाहिजे? रकाना रिकामा सोडला तर क्लार्क वाद घालतो. — येरवडा

उत्तर : तुमचा राग समजतो, आणि वर्गात उभं करून "एससीवाले हात वर करा" असं कुणी विचारत असेल तर तिथं जरूर भांडा, ती माहिती गुपचूप ऑफिसमध्ये घ्यायची असते. पण रकान्याशी भांडू नका. तुम्ही मानत नाही ठीक, पण कोण शाळेत पोचलं आणि कोण नववीत गळालं हे जातवार, भाषावार, मुलगा-मुलगी मोजल्याशिवाय कळणार कसं? याच शहरात 1848 ला भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी 1882 ला इंग्रज सरकारने शिक्षणावर नेमलेल्या हंटर कमिशनपुढे हेच मांडलं, की शेतकऱ्यांच्या करातून पैसा येतो आणि शिक्षण वरच्या वर्गांना मिळतं. कोण शिकतंय हे बघितल्याशिवाय ते मांडता आलं असतं का? आज तेच काम यूडायसच्या फॉर्ममध्ये होतं, रुक्षपणे होतं, पण होतं.

व्यवहाराचं सांगायचं तर, दाखल्यावरची जातीची नोंद पुढे जातीचा दाखला आणि पडताळणी काढताना पुरावा म्हणून लागते. तुमच्या मुलाला अठराव्या वर्षी ती नको असेल तर तो ठरवेल, पण हवी असेल आणि जनरल रजिस्टरमध्ये काहीच नसेल तर दुरुस्तीसाठी जे हेलपाटे पडतात ते मी पालकांना घालताना बघितलंय. शाळा सोडायच्या आत नाव, जन्मतारीख, जात, सगळ्यांचं स्पेलिंग एकदा रजिस्टर उघडून डोळ्यांनी बघा. मातृभाषेच्या रकान्यात मात्र खरी भाषा लिहा, सगळे मराठी लिहून टाकतात आणि मग कन्नड बोलणारी मुलं कागदावर दिसतच नाहीत.

प्रश्न : मुलगा नववी पास झाला, 41 टक्के. शाळेने बोलवून सांगितलं दहावीला इथं ठेवणार नाही, 17 नंबर फॉर्म भरा आणि बाहेरून बसवा, त्याच्यावर ताण नको. आम्हाला वाटलं चांगलंच सांगतायत. — हडपसर

उत्तर : त्याच्यावर ताण नको का शाळेच्या निकालावर? 17 नंबरचा फॉर्म ज्यांची शाळा सुटलीय त्यांच्यासाठी आहे, कामाला लागलेले, लग्न होऊन गेलेल्या मुली, आणि त्यांच्यासाठी तो फार मोठा आधार आहे. तुमचा मुलगा शाळेत आहे, पास आहे. त्याने फॉर्म भरला की बोर्डाच्या आकडेवारीत तो खाजगी विद्यार्थ्यांत जातो, शाळेच्या नियमित मुलांत मोजला जात नाही. म्हणजे शाळेचा फ्लेक्स शाबूत राहिला, आणि मुलगा वर्षभर वर्गाशिवाय, घरी एकटा, 41 टक्केवाला.

सही करू नका. साधा अर्ज लिहा, मुलगा नववी उत्तीर्ण आहे, दहावीला नियमित विद्यार्थी म्हणून ठेवावं, नकार असेल तर कारण लेखी द्यावं. लेखी म्हटलं की बहुतेक शाळा तिथंच गप होतात. नाही झाली तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी माध्यमिक यांचं ऑफिस आहे, तिथं अर्जाची कॉपी घेऊन जा. दोन्हीकडे आपल्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या, आवक क्रमांक घ्या, आणि मुलाला सोमवारी नेहमीसारखं दप्तर घेऊन वर्गात पाठवा.