सासूबाईंच्या पायांना मुंग्या आणि ११८चा आकडा

प्रश्न : नमस्कार डॉक्टरताई. माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी. मधुमेह जुना, मेटफॉर्मिन चालू आहे. चहाही बिनदुधाचा घेतात. वर्षभर तळपायांना मुंग्या येतात, जीभ झोंबते. ‘साखरेमुळे होतं, वयाचं आहे’ म्हणून आम्ही सोडून दिलं. मध्यंतरी थकवा फार वाटला म्हणून दुकानातून रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या, लोह आणि फोलिक अॅसिडच्या. हिमोग्लोबिन ९.२ वरून १०.९ झालं, पण मुंग्या वाढल्या. सकाळी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की त्यांचा तोल जातो. आता बी-१२ जीवनसत्त्व तपासलं तर ११८ आलं. डॉक्टर इंजेक्शनं घ्या म्हणतात. नणंद म्हणते, इंजेक्शनाची सवय लागते, त्यापेक्षा ताक-इडली वाढवा. सासूबाईंना वाटतं, इंजेक्शनात मांसाहारी काही असेल. मी चार महिन्यांची गरोदर आहे आणि घरात सगळ्यांचं जेवण एकच. मीही तपासून घ्यावं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : इंजेक्शनं याच आठवड्यात सुरू करा. बाकीचं सगळं नंतर.

तुमच्या पत्रातलं तोंड धुण्याचं वाक्य वाचून मी थांबले. आपला पाय कुठे टेकला आहे हे मेंदूला कळवणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर जातात. त्यांच्यावरचं आवरण टिकवायला बी-१२ लागतं. ते तंतू दुबळे झाले की माणूस डोळ्यांच्या आधारावर तोल सांभाळतो, आणि डोळे मिटले की तो आधार जातो. हे वय नव्हे. मधुमेहानेही मुंग्या येतात, म्हणून तर अशा घरांत बी-१२ कडे कुणाचं लक्ष जात नाही. औषधाचा गुण येईपर्यंत न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्री दिवा चालू ठेवा, आणि तोंड त्यांनी बसून धुवावं.

प्रयोगशाळा बी-१२ मिलिलिटरमागे साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. सासूबाईंच्या बाबतीत तीन कारणं एकत्र आली असावीत. बी-१२ फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. शाकाहारी माणसाला ते दुधातूनच मिळतं, आणि दूध त्यांनी जवळजवळ सोडलंय. मेटफॉर्मिनमुळे आतड्यातलं शोषण कमी होतं. अन्नातलं बी-१२ मोकळं करणारं जठरातलं आम्लही वाढत्या वयात घटतं. सासूबाई पित्तासाठी रोज पॅन्टोप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नका.

आता त्या गोळ्यांविषयी. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमधल्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टचा अर्क दिल्यावर त्यांचं रक्त वाढतं हे दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलिक अॅसिड, हे पुढे कळलं. १९४०च्या दशकात ते गोळीच्या रूपात आल्यावर बी-१२ कमी असलेल्या रुग्णांनाही दिलं गेलं. त्यांचं रक्त सुधारलं, मज्जातंतू मात्र बिघडत राहिले. कारण रक्तपेशी बनवण्याच्या कामात भरपूर फोलिक अॅसिड बी-१२ ची उणीव झाकू शकतं, मज्जातंतूंच्या कामात नाही. तुमच्या घरी तेच झालेलं दिसतं. हिमोग्लोबिन वाढलं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं आणि आतला आजार पुढे सरकत राहिला. बी-१२ न तपासता रक्तवाढीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नयेत असं मी पोटतिडकीने सांगते, ते यासाठी.

नणंदबाईंना सांगा, सवय लागत नाही. सुरुवातीला डॉक्टर इंजेक्शनं थोड्या थोड्या दिवसांनी देतील, मग अंतर वाढवतील, पुढे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीवरही भागू शकतं. इतक्या मोठ्या मात्रेतला साधारण एक टक्का कसाही शोषला जातो आणि तेवढा पुरतो. पण आहार आणि मेटफॉर्मिन तेच राहणार असेल तर बी-१२ ही कायम लागणार. इडलीच्या आंबवण्यावर विसंबू नका. कपभर दुधात सुमारे एक मायक्रोग्रॅम असतं, मोठ्या माणसाची रोजची गरज दोनच्या थोडी वर. दूध-दही पुन्हा सुरू करा, चांगलंच आहे, पण रिकामं झालेलं कोठार त्याने भरणार नाही. पातळ ताकाने तर नाहीच.

रक्त काही आठवड्यांत सुधारेल. मुंग्या आणि तोल यांना सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात, आणि फार जुनं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. महिन्याभरात फरक नाही म्हणून सोडू नका.

सासूबाईंची शंका रास्त आहे. बी-१२ कारखान्यात सूक्ष्मजीवांकडून आंबवून बनवतात, त्यात मांस किंवा यकृत नसतं. कॅप्सूलचं वेष्टन मात्र बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थाचं असतं. त्यांना ते चालत नसेल तर पुढे साधी गोळी मागा.

आणि हो, तुम्हीही तपासून घ्याच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक आयांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट (म्हणजे फोलिक अॅसिडच) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक आढळलं. म्हणून फोलिक अॅसिड बंद करायचं नाही, बाळाच्या मज्जारज्जूसाठी ते हवंच. पुढच्या रक्ततपासणीत बी-१२ घालून घ्या, आणि कमी निघालं तर तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने फोलिक अॅसिडबरोबर बी-१२ ही सुरू करा. बाळंतपणानंतरही बी-१२ चालू ठेवा. आईच्या अंगात बी-१२ नसेल तर दुधातही पुरेसं उतरत नाही, आणि अंगावर पिणारं बाळ पाच-सहा महिन्यांचं होता होता मलूल पडू लागतं.