‘प्लीज रिव्हर्ट’ : उत्तर द्या की पूर्ववत करा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अंधेरीच्या ऑफिसात सगळेच मेलच्या शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहितात, तसंच तुम्हीही लिहिलंत आणि लंडनच्या क्लायंटने विचारलं, ‘रिव्हर्ट टू व्हॉट?’ मग हा शब्द चूक आहे का, आणि त्याऐवजी रिप्लाय, रिस्पॉन्ड, आन्सर यांतलं काय लिहायचं?

क्लायंट खवचटपणा करत नव्हता. त्याला खरंच कळलं नसणार. रिव्हर्ट आला लॅटिनमधल्या ‘रेव्हर्टेरे’वरून, म्हणजे मागे वळणं. त्यातला ‘व्हर्टेरे’ आणि आपल्या परावर्तन, आवर्तनमधला संस्कृत ‘वृत्’ धातू एकाच कुळातले. म्हणून इंग्रजाच्या कानाला रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. आधीची स्थिती कोणती, हे त्याला वाक्यात लागतं, म्हणून तो ‘टू व्हॉट’ विचारतो.

आणि हा जुना अर्थ मुंबईतही काही मेलेला नाही. इथल्या कितीतरी इमारती महापालिकेच्या, पोर्ट ऑथॉरिटीच्या (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टच्या) नाहीतर कलेक्टरच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. पट्ट्याची मुदत संपली आणि नूतनीकरण झालं नाही की जमीन मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते, ही तिथली रोजची भाषा. सरकारी नोकरीत तर ‘त्याचं रिव्हर्शन झालं’ म्हटलं की चहाच्या टेबलावर शांतता पसरते, कारण बढती गेली आणि माणूस खालच्या पदावर आला. ऐरोलीच्या आयटी पार्कात रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं. आता विचार करा, तुम्ही परदेशी डेव्हलपरला लिहिलंत, ‘वुई हॅव चेंज्ड द पेमेंट पेज, प्लीज रिव्हर्ट.’ तुम्हाला हवा होता अभिप्राय. तो मुकाट्याने जुनं पेज परत चढवेल, आणि त्याला बोल लावता येणार नाही.

मग चूक म्हणायचं का? आपसात असाल तर मी म्हणणार नाही. उत्तर देणं हा अर्थ भारतात इतका रुळलाय की काही इंग्रजी शब्दकोशांनी तो ‘भारतीय इंग्रजी’ अशी खूण करून घेतलाही आहे. दादरचा माणूस ठाण्याच्या माणसाला लिहितो आणि दोघांना कळतं, तर तिसऱ्याने नाक मुरडू नये. (‘रिव्हर्ट बॅक’ मात्र मला अजून पचत नाही. मागे वळून पुन्हा मागे?)

माझी खरी तक्रार वेगळी आहे. रिव्हर्ट साहेबांना आवडतो, कारण त्यात नेमकं काय हवंय ते सांगावंच लागत नाही. मंजुरी हवी, आकडे हवेत की नुसती पोच, ते समोरच्याने ओळखायचं. दुसरे शब्द ही मोकळीक देत नाहीत.

रिप्लाय म्हणजे आलेल्या पत्राला उलट काहीतरी लिहिणं किंवा बोलणं, मग त्यात काम होवो न होवो. आन्सर म्हणजे विचारलेल्याचं उत्तर. हा फरक सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहून पाहा. ‘गळतीचं काम कधी सुरू होणार?’ याला ‘आपले पत्र मिळाले, विषय कमिटीपुढे ठेवू’ असं आलं, तर तो रिप्लाय झाला, आन्सर नाही. खरं तर तो रिप्लायही जेमतेमच. इंग्रजीत त्याला अ‍ॅक्नॉलेजमेंट म्हणतात, आपण पोच म्हणतो. पोच हवी असेल तर ‘प्लीज अ‍ॅक्नॉलेज’ लिहा, म्हणजे समोरचाही एका ओळीत सुटतो.

रिस्पॉन्ड सगळ्यांत ऐसपैस. त्याला शब्दच लागतात असं नाही. हॉस्पिटलात डॉक्टर ‘पेशंट इज रिस्पॉन्डिंग’ म्हणतात तेव्हा पेशंट बोलत नसतो, औषधाला प्रतिसाद देत असतो. तक्रारीनंतर पालिकेने थेट माणूस पाठवून गटार उपसलं, तर तोही रिस्पॉन्सच. रिटॉर्ट म्हणजे तडकाफडकी दिलेलं तिखट उलट उत्तर, आणि रिजॉइंडर म्हणजे उत्तरावरचं प्रत्युत्तर. तो मुख्यतः कोर्टात भेटतो, मेलमध्ये नको.

व्याकरणात एकच ठिकाण सांभाळा, तिथे आपल्याकडे हमखास घसरगुंडी होते. रिप्लाय आणि रिस्पॉन्ड यांना पुढे ‘टू’ लागतो, आन्सरला लागत नाही. ‘ही डिडन्ट रिप्लाय माय मेल’ हे मराठी डोक्यातलं इंग्रजी, ‘रिप्लाय टू माय मेल’ हवं. उलट ‘आन्सर टू माय क्वेश्चन’ नाम म्हणून बरोबर, पण क्रियापद असेल तर ‘आन्सर माय क्वेश्चन’. फोन आणि दारावरची बेल यांना फक्त आन्सर चालतो.

आणि स्वतःच नंतर कळवणार असाल तर ‘आय विल रिव्हर्ट’ऐवजी ‘आय विल गेट बॅक टू यू बाय थर्सडे’ लिहा. वार घातल्याशिवाय ते वाक्य पाठवू नका. नुसतं ‘गेट बॅक’ म्हणजे आपलं ‘बघतो, सांगतो’.

क्लायंटला लांबलचक खुलासा करत बसू नका. ‘सॉरी, आय मेन्ट : प्लीज कन्फर्म द डेट्स बाय फ्रायडे’ एवढं पुरे. तारखा नको असतील तर तिथे जे हवंय ते घाला.