आधी गोळीची चौकशी करा

प्रश्न : ताई, माझी अकरावीतली मुलगी पाच महिन्यांपासून ओलान्झापिन ही भासांवरची गोळी घेत आहे. भास थांबले, कॉलेज सुरू झाले. पण वजन अकरा किलोने वाढले. मी तिला पहाटे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नेते, भात-बटाटा बंद केला आहे आणि दर रविवारी तिचे वजन करते. हल्ली ती समजूतदार झाली आहे. गोळीसुद्धा खोलीत जाऊन स्वतःच घेते. पंधरवड्यापासून तिची भूकही आटोक्यात आहे, फक्त रात्री उशिरापर्यंत दिवा चालू असतो. आहारात आणखी काय बदलू?
— एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आहाराचे नंतर पाहू. ‘गोळीसुद्धा स्वतःच घेते’ हे तुम्ही कौतुकाने लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच अडले. ओलान्झापिनने भूक खवळते आणि झोपही येते. डॉक्टरांनी मात्रा बदलली नसताना पंधरा दिवसांत भूक मंदावते आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, तेव्हा गोळी पोटात जातच नसावी, अशी मला दाट शंका आहे.

याला लबाडी म्हणू नका. दर रविवारी काट्यावर उभे राहून आईचा चेहरा वाचणाऱ्या मुलीला दुसरा कोणता मार्ग उरला होता? अशी औषधे प्रथमच घेणाऱ्या मुलांच्या २००९ मधील एका अमेरिकन अभ्यासात साधारण अकरा आठवड्यांत ओलान्झापिनवर सरासरी साडेआठ किलो वजन वाढले होते, तर त्याच प्रकारच्या ॲरिपिप्राझोल या औषधावर सुमारे साडेचार. तिचा हावरेपणा शोधत बसू नका. पोट भरल्याची जाणीवच हे औषध बोथट करते.

आज रात्री तिच्याजवळ बसा. ‘वजन गोळीमुळे वाढले, तुझ्यामुळे नाही,’ हे आधी म्हणा आणि मगच गोळीचे विचारा. ती काहीही म्हणाली, तरी उद्या सकाळीच मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून ही भूक आणि हे जागरण सांगा. चुकलेल्या गोळ्या मनाने पुन्हा सुरू करू नका. भास परतले किंवा झोप पूर्णच उडाली, तर त्याच दिवशी तिला घेऊन जा. औषध बदलता येईल का, वजन आवरायला मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध जोडावे का, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल कधी तपासायचे, हे त्यांना स्पष्ट विचारा. मात्र भेटीची पहिली दहा मिनिटे तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या आणि तुम्ही बाहेर थांबा.