जुन्या ४८६ संगणकात हार्डडिस्कऐवजी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावलं आहे. बायोसला (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला) दिसतं, पण डॉस सुरू होत नाही आणि मोठ्या फाइली बिघडतात. काय तपासू?

तुम्ही दिलेली माहिती अशी: ४ जीबीचं कार्ड, साधा आयडीई-सीएफ अडॅप्टर (कार्ड हार्डडिस्कच्या आयडीई केबलला जोडणारा), डॉस ६.२२, कार्ड नव्या संगणकावर यूएसबी रीडरने फॉरमॅट केलेलं. सुरू करताना 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम' येतं. फ्लॉपीवरून सुरू केलं तर सी: दिसतो, पण कॉपी केलेल्या झिप फाइली उघडत नाहीत. माझ्या मते हे दोन वेगळे बिघाड असू शकतात, म्हणून ते वेगवेगळे तपासा. आधी बूटचं बघू, कारण त्यामागचं कारण जवळपास नक्की आहे.

यूएसबी रीडर नव्या संगणकाला कार्डची रचना बहुधा २५५ हेड आणि ६३ सेक्टर अशी सांगतो. (सिलिंडर, हेड, सेक्टर हे डिस्कवरची जागा सांगायचे जुने आकडे.) तुमचा बायोस 'नॉर्मल' मोडमध्ये तेच कार्ड १६ हेड, ६३ सेक्टर असं वाचतो. आजची साधनं पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू करतात. २५५ हेडच्या हिशेबाने ही जागा सिलिंडर ०, हेड ३२, सेक्टर ३३ होते, आणि एमबीआरमध्ये (कार्डच्या पहिल्या सेक्टरमध्ये, जिथे पार्टिशनचा तक्ता आणि बूट कोड असतो) तीच लिहिली जाते. १६ हेडच्या हिशेबाने तीच जागा सिलिंडर २, हेड ०, सेक्टर ३३ असते. डॉसचा बूट कोड जुन्या पद्धतीने सिलिंडर-हेड-सेक्टर वापरून वाचतो, त्यामुळे तो भलत्याच जागी जातो किंवा त्याला जागाच सापडत नाही. पडद्यावरचा संदेश इथे नीट वाचावा. 'एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टम' म्हणजे सेक्टर वाचताच आला नाही. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम' म्हणजे सेक्टर वाचला, पण त्याच्या शेवटी ५५एए ही बूट सेक्टरची खूण नव्हती. 'इन्व्हॅलिड पार्टिशन टेबल' बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह असल्यावर येतं, आणि एकही अ‍ॅक्टिव्ह नसेल तर काही बायोस 'नो रॉम बेसिक' म्हणून थांबतात.

म्हणून कार्ड ज्या मशीनमध्ये राहणार आहे त्याच मशीनमध्ये त्याचं पार्टिशन करा. कार्डवर हवं असलेलं काही असेल तर आधी काढून ठेवा. मग नव्या संगणकावर विंडोजच्या डिस्कपार्ट या प्रोग्राममध्ये योग्य डिस्क निवडून 'क्लीन' ही आज्ञा द्या. डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा बघा, कारण चुकीची डिस्क निवडली तर ती पुसली जाईल. त्यानंतर विंडोजने फॉरमॅट करायचं का असं विचारलं तर नकार द्या. आता कार्ड ४८६ मध्ये लावा.

पुढे काय करायचं हे बायोसवर ठरतं. त्यात 'एलबीए' (सेक्टरना सलग क्रमांक देण्याची पद्धत) हा पर्याय असेल तर तो निवडा. २ जीबीपेक्षा मोठं फॅट-१६ (डॉसची फाइल ठेवण्याची पद्धत) पार्टिशन डॉस ६.२२ ला चालत नाही, त्यामुळे ४ जीबीचे दोन भाग करावे लागतील. एलबीए नसेल तर बायोसची मर्यादा १०२४ सिलिंडर × १६ हेड × ६३ सेक्टर, म्हणजे ५०४ एमबी इतकी आहे. अशा वेळी ऑटो-डिटेक्टवर विसंबू नका. काही बायोस कार्डने सांगितलेल्या सिलिंडरच्या आकड्यातून १०२४ च्या पटी वजा करून उरलेलाच आकडा धरतात. 'यूजर' किंवा ४७ क्रमांकाचा टाइप निवडून १०२४, १६, ६३ हाताने भरा. 'प्रीकॉम्प' या रकान्यात ० किंवा ६५५३५ चालेल, कार्डला त्याचा उपयोग नसतो. डॉसच्या कामाला ५०४ एमबी भरपूर होतात आणि त्या आकाराला क्लस्टर (एका फाइलला दिली जाणारी किमान जागा) ८ केबीचा राहतो. २ जीबीच्या पार्टिशनवर तोच ३२ केबीचा होतो आणि शेकडो छोट्या फाइली फुकट जागा खातात. मला तर एलबीए असतानाही लहान पार्टिशनच बरं वाटतं.

फ्लॉपीवरून डॉस सुरू करून एफडिस्क या पार्टिशन करायच्या प्रोग्रामने प्रायमरी पार्टिशन बनवा, ते अ‍ॅक्टिव्ह करा, मशीन पुन्हा सुरू करा आणि 'फॉरमॅट सी: /एस' द्या. शेवटी 'एफडिस्क /एमबीआर' द्यायला विसरू नका. एमबीआरमध्ये ५५एए खूण आधीच असेल तर एफडिस्क फक्त पार्टिशनचा तक्ता बदलतो, बूट कोड लिहीत नाही. फॉरमॅटही तो लिहीत नाही. नव्या कार्डवर बऱ्याचदा खूण असते पण कोड नसतो, आणि सगळं बरोबर करूनही मशीन काळ्या पडद्यावर अडकतं ते यामुळेच. बायोसमध्ये भरलेले आकडे आणि मोड कार्डावर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. सीमॉसची (बायोसचे आकडे लक्षात ठेवणाऱ्या मेमरीची) बॅटरी संपली की ते पुसले जातात, आणि वेगळ्या मोडने वाचलेलं पार्टिशन कचऱ्यासारखं दिसतं. त्या अवस्थेत त्यावर काहीही लिहू नका.

आता बिघडणाऱ्या फाइली. चुकीच्या रचनेमुळेही हे होऊ शकतं: ५०४ एमबीच्या पुढचं लिखाण गुंडाळून पुन्हा सुरुवातीच्या सिलिंडरवर पडतं आणि फाइलींच्या जागांचा तक्ता, म्हणजे फॅटच, उडतो. त्यामुळे वरचं सगळं करून झाल्यावरच ही चाचणी घ्या. स्मार्टड्राइव्ह (डिस्कवरच्या मजकुराची प्रत मेमरीत ठेवणारा डॉसचा प्रोग्राम) बंद ठेवा, नाहीतर तुलना कार्डशी न होता मेमरीतल्या प्रतीशी होईल. २०-३० एमबीची एक फाइल कार्डवर कॉपी करा, तिची दुसरी प्रत काढा आणि 'एफसी /बी' ने दोन्ही ताडून बघा. 'कॉपी /व्ही' वर भरवसा ठेवू नका. तो सेक्टर वाचता येतो का एवढंच बघतो, मजकुराची तुलना करत नाही.

फरक आलाच तर त्याचा नमुना बघा, तोच दोष दाखवतो. प्रत्येक ठिकाणी एकच बिट बदललेला असेल, म्हणजे उदाहरणार्थ फरक नेहमी ०८ चाच येत असेल, तर डेटाची एक तार नीट जुळत नाही. अडॅप्टरच्या खाचेत टॉर्च मारून बघा. ५० पिनांपैकी एखादी वाकलेली सापडेल. केबल बदला. ती ४५ सेंटीमीटरपेक्षा लांब नको आणि कार्ड तिच्या शेवटच्या टोकाला हवं. अख्खे ५१२ बाइटचे तुकडे गायब किंवा जागा बदललेले असतील, तर बायोसमधला 'आयडीई एचडीडी ब्लॉक मोड' बंद करा. एका इंटरप्टमागे (प्रोसेसरला दिलेल्या इशाऱ्यामागे) अनेक सेक्टर पाठवण्याची ही सोय बऱ्याच कार्डांमध्ये अगदी मर्यादित असते, आणि काही जुने बायोस कार्डला न विचारताच मोठा आकडा धरतात. त्याच पानावर पीआयओ मोड (डेटा पाठवण्याच्या वेगाची पायरी) 'ऑटो' असेल तर तो ० करून बघा. चूक थांबली तर एकेक पायरी वर चढवा.

फरक कुठेही आणि कसेही येत असतील तर वीज तपासा. अडॅप्टरवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असेल तर तो ५ वर हवा, कारण या काळातल्या आयडीईचे सिग्नलही ५ व्होल्टचे असतात. मल्टीमीटरने अडॅप्टरच्या वीज-जोडणीवरच, मशीन चालू असताना मोजा. ४.७५ पेक्षा कमी येत असेल तर वायर, कनेक्टर किंवा पॉवर सप्लाय दोषी आहे. अडॅप्टरवर कपॅसिटर नसेल तर ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७ मायक्रोफॅरडचा एक डकवा, धन-ऋण बाजू सांभाळून. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: चालू मशीनमधून कार्ड काढू-घालू नका. अडॅप्टर ९ क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडतो, आणि कार्ड वीज मिळाल्याच्या क्षणी ती पाहून आयडीई मोडमध्ये जातं.

त्याच केबलवर दुसरी डिस्क किंवा सीडी ड्राइव्ह असेल तर चाचणीपुरती काढून टाका आणि कार्ड एकटं मास्टर ठेवा. दोन उपकरणं एकमेकांशी न पटणं फार वेळा दिसतं. विंडोज ३.११ चालवणार असाल तर '३२-बिट डिस्क अ‍ॅक्सेस' बंद ठेवा. विंडोज ९५ मध्ये डीएमएची (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत नेण्याच्या सोयीची) खूण काढा: बऱ्याच स्वस्त अडॅप्टरवर डीएमएच्या तारा जोडलेल्याच नसतात, कार्ड मात्र डीएमए येतं असं सांगतं, आणि मशीन सुरू होतानाच गोठतं.

एवढं करूनही फाइली बिघडत असतील तर कार्डवरच संशय घ्या. नव्या संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचा. क्षमतेचा खोटा आकडा छापलेली कार्डं यात लगेच उघडी पडतात. चाचणीत कार्ड काठोकाठ भरतं, म्हणून ती पार्टिशन करण्याआधी घेतली तर दुहेरी काम वाचतं.